लसींच्या फ्रिजला आता बोलायचंय

मी दवाखान्यातला लसींचा फ्रिज. एरवी घुमत राहणं हेच माझं बोलणं, पण आज स्पष्टच बोलतो. आता अगदी वैताग आलाय.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या घरात जाईन, दूध नि फळं सांभाळीन. नशिबी आली इंजेक्शनची खोली. सिस्टरने पहिल्याच दिवशी दारावर कागद चिकटवला, 'खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत'. त्याच दुपारी कंपाउंडरने आपला डबा आत सरकवला. माणसांशी माझी ओळख झाली ती अशी! सिस्टरने तो डबा त्याच्या टेबलावर असा आपटला, की पुन्हा त्याची हिंमत झाली नाही.

माझ्या मधल्या कप्प्यात मुलींची लस असते. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो, त्याला अडवणारी. ती लहान वयातच घेतलेली बरी. तिला गोठू द्यायचं नाही, तापू द्यायचं नाही. वीज गेली की माझा जीव टांगणीला लागतो. मी एवढं जपतो, आणि माणसं दारापर्यंत येऊन माघारी फिरतात!

त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचंच घ्या. मुलगी तेरा वर्षांची, घरात सगळे तिला पिटुकली म्हणतात. पहिल्यांदा आल्या, सिस्टरने बाटली बाहेर काढली, एवढ्यात नवऱ्याचा फोन. "एवढ्याशा पोरीला ही लस? लोक काय समजतील?" बाटली परत आत. दुसऱ्यांदा परीक्षा आडवी आली. तिसऱ्यांदा बाई कुजबुजल्या, "सिस्टर, जाऊबाईंच्या मोबाइलवर आलंय, पुढे मूल होत नाही म्हणे."

"अहो, तसलं काही होत नाही. माझ्या दोन्ही मुलींना मी स्वतः टोचलीय."

"तुमचं वेगळं हो."

काय वेगळं? मला हात असता तर कपाळावर मारून घेतला असता.

मग एके सकाळी नवराच आला. म्हणजे, त्याला आणलं. पुढे त्याची धाकटी बहीण, डोक्याला रुमाल, चालताना भिंतीचा आधार. मागे बाई आणि पिटुकली.

"सिस्टर, माझ्या भाचीला ती लस द्या," आत्या म्हणाली.

"अगं, तुझं पोटाचं दुखणं," भाऊ पुटपुटला, "त्याचा हिच्याशी काय संबंध?"

"पोटाचं नाही रे दादा. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. वर्षभर सगळ्यांना पोटाचं सांगत फिरतोयस. एकदा तरी नाव घे."

तो माझ्या तापमानाच्या आकड्यांकडे बघत राहिला, जणू तेच वाचायला आला होता.

"बरं, नको घेऊस. नुसतं हो म्हण."

"द्या, सिस्टर." एवढं बोलून तो खिडकीकडे वळला आणि बाहीने डोळे पुसले.

पिटुकलीने डोळे घट्ट मिटले, मग एक उघडला. "झालं? एवढंच? आत्या, तू का नाही घेतलीस?"

"माझ्या वेळी नव्हतीच गं."

मला वाटलं, आता ऐकणाऱ्यांचे डोळे उघडतील. बाहेर बाकावर दोन बायका मुलींना खोकल्यासाठी घेऊन बसल्या होत्या. दोघींनी सगळं ऐकलं होतं. आत्या शेजारी टेकली, तशा उठून पलीकडे जाऊन बसल्या! अहो, शेजारी बसून कॅन्सर लागत नाही! मी इतका घरघरलो, की सिस्टर मला तपासायला आली. पिटुकली मात्र आत्याला खेटून बसली.

आत्या पुढच्या हिवाळ्यात गेली. तिच्या दादाला कुणी विचारलं, तर तो आता आजाराचं नाव घेतो. ते ऐकायला ती नाही.

माझ्या दाराचं रबर सैल झालंय, कडा गंजल्यात. मधला कप्पा अजून भरलेलाच. तारीख उलटलेल्या बाटल्या काढून टाकते त्या दिवशी सिस्टर कुणाशी धड बोलत नाही.

माझं म्हणणं एवढंच. लस इथे आत आहे, मुली तिकडे बाहेर आहेत, आणि मधे तुम्ही उभे आहात. जरा बाजूला व्हा.