मॉरिशसची भुरी आणि मी

मी एक म्हातारा कुत्रा आहे, मेंढ्या वळणाऱ्या केल्पी जातीचा. माझे नाव जॉली. जन्म फार्मवर झाला, पण पाय अधू निघाला म्हणून मालकाने मला प्राण्यांच्या निवाऱ्यात सोडले. तिथून हर्बर्ट आणि पॉलीन या मूळच्या वसईच्या जोडप्याने मला इथे ऑस्ट्रेलियातच, वॉलॉंगॉंगला आपल्या घरी आणले. एकदा हर्बर्ट गॅरेजमध्ये चक्कर येऊन पडला, तेव्हा मी भुंकभुंकून शेजारच्या रेनीला बोलावले. "माझा राजा तो!" म्हणत पॉलीनने मला कवटाळले. मित्रांनो, तेव्हापासून पॉलीन फक्त माझी, असे मी धरून चाललो.

गेल्या वर्षी लग्नाला पंचवीस वर्षे झाली म्हणून दोघे पंधरा दिवसांसाठी मॉरिशसला गेले. अशी निवांत सुट्टी त्यांनी कधी घेतलीच नव्हती. मला रेनीकडे ठेवले. तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. मागे निळा समुद्र, हर्बर्ट अनवाणी खुर्चीत पसरलेला, आणि पॉलीनच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून बसलेली एक तपकिरी कुत्री!

"ही भुरी. रोज ब्रेकफास्टला येते," पॉलीन हसत म्हणाली.

नावसुद्धा ठेवले होते! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती जागा माझी होती. मी स्क्रीनकडे पाठ फिरवली आणि त्या दिवसापासून जेवण सोडले. भूक लागत होती, पण हट्ट सोडवेना.

चार दिवसांनी रेनीने फोन लावला. "पॉलीन, तो काहीच खात नाही गं. व्हेट म्हणतो, आजार नाही."

"अजून एक आठवडा आहे आपला," मागून हर्बर्ट म्हणाला.

"तू राहा हवं तर. मला इथे घास उतरणार नाही."

दोघेही परतले. मी लंगडत धावलो आणि पॉलीनच्या देखत वाडगा चाटूनपुसून साफ केला. हर्बर्ट बघत राहिला.

"याला काही झालंच नव्हतं," तो हळूच म्हणाला.

उरलेली सुट्टी त्याने कुंपण रंगवण्यात घालवली. महिनाभर माझ्या डोक्यावरून त्याचा हात फिरला नाही.

पॉलीनच्या स्कर्टला भुरीचा वास होता. मी रागारागाने हुंगला, तर त्यात दुधाचा वास आला. कुठेतरी तिची पिल्ले होती. ती माया चोरायला नव्हे, पोटासाठी येत होती.

मित्रांनो, गावाला जाताना घरच्या म्हाताऱ्या जनावरापाशी तुमचा वापरलेला शर्ट ठेवून जा. तुम्ही परत येणार, हे आम्हाला शब्दांनी कळत नाही, वासाने कळते. आणि वाटेत एखादी भुरी भेटली, तर तिलाही खायला घाला.

मी हे मनापासून सांगतो आहे. तरी पॉलीनने तो स्कर्ट धुवायला टाकला, तेव्हा मला बरेच वाटले.