आईच्या श्राद्धातला पीच

मेंग हे-जोंगने पंधरा वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेल्या टीव्ही मालिकांची डागडुजी केली होती. नट सक्तीच्या सैन्यसेवेला निघाला की त्याच्या पात्राला परदेशी धाडायचं, नटी रुसली की तिच्या पात्राचा अपघात घडवायचा, असली गवंडीकामं. ही मालिका मात्र तिची स्वतःची होती, आणि आधीचे तेरा भाग तिने चौदाव्यासाठीच लिहिले होते म्हटलं तरी चालेल.

चौदाव्या भागात एका आईचं श्राद्ध होतं. ती आई म्हणजे हे-जोंगचीच आई आणि गाव तिचंच योंगचन, जिथे ऑगस्टात जिकडे बघावं तिकडे पीच. आईने चाळीस वर्षं पीचची बाग राखली आणि नेमकी हंगामातच गेली. घरात पीच असला की पितर उंबरठा ओलांडत नाहीत, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून दर वर्षी श्राद्धाच्या सकाळी तिचे वडील, अप्पा, घरातला पीच न् पीच बाहेर काढत. टोपल्या, पेट्या, फ्रीजमधल्या फोडीसुद्धा. मग साबणाने तीनदा हात धूत आणि फाटक सताड उघडं ठेवत. जिने जन्मभर पीच पिकवले, तिला घरी येता यावं म्हणून घरात एकही पीच नाही. हे-जोंगला एवढंच दाखवायचं होतं. प्रसंगात एकही संवाद नव्हता, नुसता एक म्हातारा टोपल्या वाहत होता.

अप्पांची खरी बोच निराळीच होती. सहा वर्षांत आई त्यांच्या स्वप्नात एकदाही आली नव्हती. शेजारणीच्या स्वप्नात आली, मामाच्या स्वप्नात येऊन त्याला दारूवरून झापून गेली, नवऱ्याकडे मात्र फिरकली नाही. पहिल्याच श्राद्धात आपलं काहीतरी चुकलं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. दर वर्षी नैवेद्याचं मेज मांडून झालं की ते हे-जोंगला विचारत, "काही राहिलं का गं?" राहिलेलं कधीच काही नसायचं, तरी विचारत.

चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी सकाळी निर्माता टाक बोंग-सू दोन बर्फाळ कॉफ्या घेऊन तिच्या कचेरीत आला. हा माणूस स्वतःहून कॉफी आणतो तेव्हा काहीतरी मागायलाच आलेला असतो.

"लेखिकाबाई, प्रसंग वाचला. रडलो हो. बायकोला वाचून दाखवला, तीही रडली."

"मुद्द्याचं बोला, टाकसाहेब."

"मेजावरचं ते शार्कचं मांस काढू या. पडद्यावर धुण्याच्या साबणासारखं दिसतं. मालिका नव्वद देशांत जाणार, लोकांना आपली संस्कृती दिसली पाहिजे."

"योंगचनच्या श्राद्धात शार्कच नसेल, तर कुणाची संस्कृती दिसणार? माझी आत्या टीव्ही फोडेल."

"आत्याला मी नवा घेऊन देतो. आणि दुसरं म्हणजे..." त्याने पिशवीतून गुलाबी डबा काढून टेबलावर ठेवला. प्रायोजकांचं पीचचं सरबत. "तेराव्या भागात दाखवायचा राहिला. आता चौदाव्यात दाखवावाच लागेल, करारात आहे. सगळं घर मेजापाशी बसलंय, तिथेच ठेवू."

हे-जोंगने डबा बाजूला सारला. "टाकसाहेब, तुमच्या घरी श्राद्ध करतात का?"

"आम्ही चर्चवाले. प्रार्थना म्हणतो नि जेवतो. का हो?"

तिने पीचचं सांगितलं. टाकचं तोंड क्षणभर उतरलं. गेल्याच महिन्यात दुसऱ्या एका वाहिनीची ऐतिहासिक मालिका मेजावरच्या एका परक्या पदार्थापायी लोकांनी दोन भागांत बंद पाडली होती. पण हा गडी निर्माता उगाच झाला नव्हता.

"मग कुणीतरी मुद्दाम ठेवलाय असं करा की! आई येऊ नये म्हणून. बाप रे, काय वळण आहे!"

"मी नाही लिहिणार."

"नका लिहू. माझ्याकडे दोघं लिहिणारे बसलेत, संध्याकाळपर्यंत पानं देतील. नाव मात्र तुमचंच राहील."

इकडे आड, तिकडे विहीर. ते दोघे काय लिहितील हे तिला माहीत होतं: सरबत पिऊन खुश झालेली आई ढगातून हसली असती, आणि देशभर लोकांनी विचारलं असतं, या बाईला स्वतःचं श्राद्ध ठाऊक नाही का? कॉफीतला बर्फ विरघळेपर्यंत ती डब्याकडे बघत बसली. मग तिने स्वतःच प्रसंगातून म्हाताऱ्याच्या टोपल्या काढून टाकल्या. आईशी भांडलेली मुलगी आली, तिने नासपतीच्या ढिगामागे डबा लपवला, आणि आई फाटकाशीच थांबली.

दुर्दैव असं, की प्रसंग अप्रतिम झाला. देश रडला. प्रायोजकांनी फुलं पाठवली.

मग एका वर्तमानपत्राची बाई मुलाखतीला आली. हे सुचलं कसं, असं तिने विचारलं. डब्यामुळे सुचलं, हे सांगायला करारात बंदी होती. शेजारी बसलेल्या टाकने उत्तर तिच्याकडून आधीच पाठ करून घेतलं होतं.

"माझ्याच घरातलं आहे," हे-जोंग म्हणाली.

"म्हणजे तुम्ही स्वतः पीच ठेवला होता?"

टाक मान डोलावत होता. आता मागे कुठे फिरायचं ते तिला दिसेना. "पहिल्या श्राद्धाला," ती म्हणाली. "आईवर राग होता माझा." आईवर तिचा कधीच राग नव्हता. शरमेने तिचे कान लाल झाले, आणि पत्रकारबाईला तो भावनेचा उमाळा वाटला.

पंधरा दिवसांनी आईचं श्राद्ध आलं. ती गावी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. पीचच्या टोपल्या फाटकाबाहेर रांगेने मांडलेल्या होत्या, फाटक उघडं होतं. आत मेज मांडून झालं होतं. शार्क, नासपती, खजूर, भात, सगळं जागच्या जागी. अप्पांनी "काही राहिलं का" असं विचारलं नाही. त्यांनी कोटाच्या खिशातून घडी केलेलं वर्तमानपत्र काढलं.

"पहिल्या वर्षी तू पीच ठेवलास?"

खोटं आहे ते अप्पा, सगळं एका डब्यापायी झालं. शब्द ओठांवर आले होते. पण अप्पांच्या चेहऱ्यावर राग नव्हताच. सहा वर्षांत इतका मोकळा चेहरा तिने पाहिला नव्हता.

"मी म्हणायचो, माझंच चुकलं. बाईला जन्मभर बागेत राबवलं, म्हणून मेल्यावर तोंड फिरवलं तिनं. रोज रात्री हेच घोळायचं डोक्यात." त्यांनी कागदावर बोट आपटलं. "म्हणजे आली होती गं ती! फाटकापर्यंत आली होती. एकदा असं अडवलेलं माणूस परत कशाला येईल? सांग, तूच ठेवलास ना?"

हे-जोंगला रडू फुटत होतं. खरं बोलली तर अप्पा पुन्हा त्याच रात्रींत जाणार होते.

"हो अप्पा. नासपतीच्या मागे."

अप्पांनी सुस्कारा सोडला. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"रागावून म्हणत नाही, पोरी. पण आज तू बाहेर थांब. तिला एकदा येऊ दे."

ती उठली, चपला घातल्या आणि फाटकाबाहेर जाऊन टोपल्यांशेजारी बसली. आतून अप्पांचा आवाज येत होता. ते आईला जेवायला बोलावत होते. फाटक उघडंच होतं.