टेबलावरची सवत

मित्रांनो, मी पिनांग बेटावरची एक जुनी डिजिटल डायरी आहे. तळहातावर मावेन एवढीच. काचेवर बारीक लेखणी टेकवली की लिहिलेलं लक्षात ठेवायचं, हे माझं काम.

माझ्या मालकीणबाई रोहाया शाळेत भूगोल शिकवत. त्यांचा रक्तगट ओ निगेटिव्ह; आमच्या बेटावर तो फार थोड्यांचा. बाळंतपणात स्वतःचा जीव रक्ताविना जाता जाता वाचला, तेव्हापासून त्या असे रक्तदाते शोधून ठेवत. बाजारात, मशिदीत, चिनी देवळाच्या अंगणात कोणी सापडला, की त्याचं नाव-पत्ता माझ्यावर उमटे.

संध्याकाळी घरी आल्या की त्या कॉम्प्युटरजवळच्या खुर्चीत बसून एक बटण दाबत. त्याला खोचलेल्या ब्लूटूथच्या खुंटीवर निळा दिवा लुकलुके. ना तार, ना दोरी. माझं दिवसभराचं सगळं हवेतून त्याच्या पोटात! मला ते सोसवत नसे. उन्हातान्हात पर्समध्ये शिजायचं मी, आणि बसल्या जागी गिळायचं त्यानं. वर त्याला भरतकामाचं आच्छादन! पाहुण्यांना बाई सांगत, "सगळं याच्यात सुखरूप आहे." माझ्या अंगाचा तिळपापड होई.

बाईंचे यजमान बहारुद्दीन मात्र माझ्यावर जळत. "माझ्याकडे बघायला फुरसत नाही, त्या डबीला दिवसभर गुदगुल्या करतेस!"

"अहो, ती उलट बोलत नाही," बाई हसून म्हणत. मी फुलून जाई.

एकदा यजमान म्हणाले, "हे धूड किती जागा खातंय! ईदनंतर गल्लीतल्या भंगारवाल्या मुनियांडीला विकून टाकू." मित्रांनो, ईदची वाट माझ्याइतकी कोणी पाहिली नसेल.

ईदला सगळे बाईंच्या माहेरी केडाला गेले. घाईत मी खणातच राहिले. माझी बॅटरी संपत गेली, आणि आमच्या जातीची स्मरणशक्ती बॅटरीबरोबरच जाते.

ते परतले त्या दुपारी इस्पितळातून फोन आला. "बाई, मालिगा नावाची बाळंतीण आहे. रक्तस्राव थांबत नाही, आणि आमच्याकडचं ओ निगेटिव्ह संपलंय."

बाईंनी स्वतः नुकतंच रक्त दिलेलं. त्यांनी मला चार्जरला लावून उघडलं. मी कोरी होते. एकही नाव नाही! त्या यजमानांकडे वळल्या. "अहो, कॉम्प्युटर?"

कॉम्प्युटर वर्तमानपत्रात गुंडाळून दाराशी ठेवला होता. मुनियांडीनं तो उचललाही होता.

"ठेव खाली!" यजमान ओरडले. दोघांनी कागद फाडले, वायरी जोडल्या. निळा दिवा लुकलुकला. आणि ज्याचं मी सतत वाईट चिंतलं, त्यानं माझं सगळं मला हवेतून परत दिलं. एक नाव राखून ठेवलं नाही.

फोन लागले, पण कोणी गावाला, कोणी आजारी. उरला बालिक पुलाऊ गावचा जायफळवाला किम लेंग. त्याच्याकडे फोनच नव्हता. माझ्यावरचा पत्ता वाचत बाईंनी यजमानांना गाडी हाकायला लावली.

"अर्धी जायफळं झाडावर आहेत, बाई," तो शिडीवरून म्हणाला.

"जायफळं उद्याही झाडावरच असतील रे. ती बाळंतीण नसेल."

तो चिखलाच्या बुटांनिशी गाडीत बसला. मालिगा वाचली. तिची मुलगीही.

कॉम्प्युटर मग विकला नाही. माझा मत्सर गेला, असंही नाही. आच्छादन पाहिलं की पोटात दुखेच. पण निळा दिवा लागायला उशीर झाला, की जीव घाबरा होई.

पुढे तो म्हातारा होऊन बंद पडला. बाईंनी नवा फोन घेतला. मी खणात असते; त्या कधीमधी मला चार्ज करतात, तेव्हा मी सर्वांत आधी हवेत हाक घालते. काचेवर उत्तर उमटतं: जवळ कोणी नाही.

मित्रांनो, मोलाचं काही एकाच ठिकाणी ठेवू नका, आणि जुनी वस्तू घाईनं दारापर्यंत नेऊ नका. जळायलासुद्धा कोणीतरी जवळ असावं लागतं.