लाकडी अंडं

प्राणिसंग्रहालयातल्या पक्ष्यांच्या विभागात तिला सगळे मावशी म्हणत. सव्वीस वर्षं फ्लेमिंगोंची चाकरी केलेली बाई. साहेब आले नि गेले, मावशी तिथंच. एक काम मात्र तिच्याच हाताचं, ते म्हणजे अंड्याची अदलाबदल.

फ्लेमिंगोची जोडी चिखलाचा उंचवटा रचते आणि त्यावर एकच अंडं घालते. कावळे टपलेलेच असतात मेले. म्हणून मावशी पाखराच्या पोटाखाली हात घालून खरं अंडं काढायची, त्याच्या जागी सुताराकडून घडवलेलं लाकडी ठेवायची आणि खरं उबवणीच्या पेटीत न्यायची. पिल्लू अंड्यातून बोलायच्या बेताला आलं की पुन्हा बदल. तोवर नर-मादी आळीपाळीने लाकडावर बसत. कुणी म्हटलं, "फसवतेस बिचाऱ्यांना," की ती म्हणायची, "फसवत नाही, धीर देते."

हेच तिच्या हाडीमाशी मुरलेलं. परवा लेकीचं बाळ जन्मताच गेलं. लेक अजून शुद्धीवर आली नव्हती, जावई भिंतीला टेकून उभा. तेव्हा मावशीच बोलून गेली, "तिला सांगू, बाळ पलीकडच्या खोलीत पेटीत आहे. अंगात जरा ताकद येऊ द्या." जावई पडला गरीब, सासूबाई म्हणतील ती पूर्व दिशा. काल त्याने एकट्याने बाळाला मूठमाती दिली.

आज मावशी कामावर आली, तर लंबू नावाच्या नराचं पेटीतलं अंडंही थंड. टॉर्चपुढे धरलं, कानाला लावलं, आत धुगधुगी नव्हती. अदलाबदलीचा दिवस तर कालच टळून गेलेला. पक्ष्यांचे डॉक्टर म्हणाले, "लाकडी काढून टाका, मावशी. उगाच बसून राहतील."

ती चिखलात उतरली. लंबू उभा राहून, मान खाली घालून अंड्याशी बोलत होता. पिल्लू कवचातूनच साद देतं, आईबाप उत्तर देतात, आणि त्याच आवाजावर पुढे थव्यातून आपलं लेकरू ओळखतात. त्याच्यासाठी नराच्याही गळ्यात लाल दूध उतरतं. लंबू बोलायचा, थांबून ऐकायचा, पुन्हा बोलायचा. आता लाकूड काय कपाळ बोलणार? सव्वीस वर्षांत मावशीने हे पाहिलं नव्हतं, कारण इतके दिवस लाकूड तिने कधी राहूच दिलं नव्हतं. लाकडी अंडं खिशात घालून ती तशीच लेकीकडे दवाखान्यात गेली.

लेक खाटेवर उठून बसली होती. झग्याची छाती ओली.

"आई, दूध उतरलं बघ. पेटीत नेऊन द्या म्हणून सकाळपासून विनवतेय, कुणी साधी वाटी देत नाही. तू सांग ना त्यांना."

मावशी खाटेच्या कडेला टेकली. "बाळा, पेटीत कुणी नाही. परवाच गेला तो."

लेकीने भिंतीकडे बघितलं. "पलीकडेच आहे म्हणालात. मी दोन दिवस या भिंतीशी बोलतेय, आई. त्याला माझा आवाज कळावा म्हणून." मग तिने विचारलं, "कुठाय तो?"

"काल... मूठमाती दिली."

"मला एकदाही न दाखवता?"

धीर देत होते, असं मावशीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने लेकीचा हात धरायला हात पुढे केला. लेकीने आपला हात पांघरुणाखाली ओढून घेतला.