देवाचा तवा

बेखामायेनं तव्यावर पाणी शिंपडलं, ते चर्र करून उडालं. तवा तापला होता. तांदळाचं पीठही तयार होतं, ताकाहून जरा दाट. आता पळीभर ओतायचं, बोटांच्या पाठीनं गोल फिरवायचं, वर मातीचं झाकण ठेवायचं आणि कडा सुटल्या की उचलायचं. चतामरी उलटायची नसते, तिला एकच बाजू असते. एरवी घरच्या दुकानात तिच्यावर अंडं पडतं, खिमा पडतो. पण आज कुळाच्या दिगू देवाची पूजा, आज नुसती पांढरी चतामरी. लहान पोरंही पाहून पाहून शिकतील इतकं सोपं काम, पण शिकलं मात्र फारसं कुणी नाही.

तिनं पळी उचलली आणि पुन्हा पातेल्यात ठेवली.

"मी या तव्यापुढे बसणार नाही," ती म्हणाली.

अंगणात पानं पुसत बसलेल्या बायका थबकल्या. बेखामाया कुळातली सगळ्यात वयस्क बाई, म्हणजे नकीं. देवाच्या चतामऱ्या तिनं किंवा कुळातल्या एखाद्या सुनेनं करायच्या. नकीं नाही म्हणते हे किर्तिपूरच्या त्या गल्लीत कुणी ऐकलं नव्हतं.

जोगलाल महर्जन पूजेचं ताट घेऊन दारातच उभे होते. ते बेखामायेचे धाकटे चुलत दीर, पण कुळातले थोरले पुरुष म्हणून थकाली. देवाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा.

"भाउजू, बोकड देवाच्या माळावर जाऊन उभा आहे. ऊन चढतंय. आता हे काय नवीन?"

"नवीन कुठलं? दर वर्षीचंच आहे. माझे गुडघे गेले, खांदा गेला. माझ्या सुनेला तव्यापुढे बसू द्या."

"ती तामाङ आहे, आपल्या जातीची नाही."

"लग्न झालं तेव्हाही तामाङच होती. तुम्हाला आज कळलं?"

एक बाई पदरात तोंड घालून हसली. जोगलालांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"दुसऱ्या सुना आहेत की कुळात."

"आहेत ना. बसवा. ही आपली रामदेवीची सून, हिला मोमोच्या दुकानाचा फोन नंबर तोंडपाठ आहे. ती पलीकडची जपानला गेली. आणि तुमची सून, ती नखं रंगवून आली आहे, बघा. बसवा तिलाच."

जोगलालांच्या सुनेनं हात पाठीमागे लपवले.

खरं सांगायचं तर बेखामायेचं हे भांडण अकरा वर्षं जुनं होतं. मुलानं म्हेन्दोला डोंगरापलीकडून लग्न करून आणलं, तेव्हा पहिल्यांदा बेखामायाच रडली-भेकली होती. मग म्हेन्दो दुकानात उभी राहिली. पहाटे उठून उडीद वाटायचे, मांस चिरायचं, दिवसभर तव्यापाशी धुरात उभं राहायचं, रात्री भांडी घासायची. वर्षभरात गिऱ्हाइकं सासूला विचारू लागली, आज तुम्ही का, सून कुठे आहे? पहिल्यांदा झोंबलं, मग बरं वाटलं. ज्या हातची चतामरी अख्खं गाव बोटं चाटून खातं, तो हात देवाला मात्र चालत नाही, हे तिला पटेना. दर वर्षी ती बोलायची, दर वर्षी जोगलाल नकाराची मान हलवायचे, आणि दर वर्षी शेवटी तीच बसायची. या वर्षी मात्र तिच्यात त्राणच नव्हतं. ती न्याय मागत होती हे खरंच. पण त्याहून जास्त खरं हे की ती थकली होती. तो तवा मरायच्या आधी कुणाच्या तरी हातात द्यायचा होता.

"मग हाटेलातून आणा," ती म्हणाली. "देवाला सांगा, आमच्या घरात बाई शिल्लक नाही."

जोगलालांनी आभाळाकडे पाहिलं, पिठाकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं. एकही बाई पुढे सरकली नाही. बोकडाला घेऊन थांबलेल्या पुरुषांचा निरोप दोनदा येऊन गेला होता.

"बोलवा तिला," ते शेवटी पुटपुटले. "लवकर नाहायला सांगा. आणि बोभाटा नको."

बेखामायेला वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला नाचावंसं वाटेल. तसलं काही झालं नाही. तिनं भिंतीला धरून गुडघे सरळ केले आणि जिना चढायला लागली. लाकडी जिना उभा होता. दर दोन पायऱ्यांनी ती थांबत होती.

वर खिडक्या लावलेल्या होत्या. म्हेन्दो पांघरूण डोक्यावर घेऊन गाढ झोपली होती. एक पाय तेवढा बाहेर, टाचेला भेगा पडलेल्या.

"भौ, सूनबाई, ऊठ. नाहून घे. थकालींनी होकार दिला."

"कसला होकार?" पांघरुणातूनच आवाज आला.

"देवाच्या तव्याचा. तू बसायचंस."

म्हेन्दोनं तोंड बाहेर काढलं. चेहऱ्यावर उशीचे वळ उठले होते.

"आज?"

"आज. आणि पुढेही दर वर्षी. माझ्यामागंही तूच."

म्हेन्दोनं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. ती छताकडे बघत राहिली. बेखामायेला वाटलं, पोरीला आनंदानं शब्द फुटत नाहीत. मग तिनं पाहिलं, पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

"माँ, राग नका मानू," म्हेन्दो म्हणाली. "पहिल्या वर्षी मला खाली येऊ दिलं नाही, तेव्हा मी रडले. दुसऱ्या वर्षीपण रडले. मग एका वर्षी रडता रडता झोप लागली. दुपारपर्यंत झोपले. कुणी हाक मारली नाही. दुकान बंद, चूल बंद. तेव्हापासून मी या दिवसाची वाट बघते, माँ. वर्षातून हा एकच असतो मला."

बेखामाया खाटेच्या कडेवर बसली. बसली म्हणण्यापेक्षा टेकली.

"आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही माझ्यासाठी भांडत होता. कशी बोलणार?" म्हेन्दोनं पाय खाली सोडले, उशाखाली केस बांधायचं फडकं चाचपलं. "जाऊ दे. उठते. तुमचे गुडघे दुखतात ना."

ती खरंच उठली असती. कुरकुर न करता नाहली असती, तव्यापुढे बसली असती, आणि उद्या पहाटे पुन्हा उडीद वाटायला हजर झाली असती. तिच्या मनगटावर तव्याचे चटके होते, जुने काळे आणि नवे लाल. तसलेच बेखामायेच्या हातावर. सून होऊन आल्यापासून आपण एकदा तरी उन्हं वर येईतो झोपलो होतो का, हे तिनं आठवून पाहिलं. आठवेना. तिला म्हेन्दोचा हेवा वाटला आणि लगेच स्वतःची लाज वाटली. अकरा वर्षं हिच्यासाठी भांडले, पण तुला हवंय का असं एकदाही विचारलं नाही.

"नीज," ती म्हणाली.

"मग खाली काय सांगाल?"

"सांगेन काहीतरी. गिऱ्हाइकांना आयुष्यभर 'आत्ता देते' म्हणत आले, मला खोटं बोलायला शिकवतेस?" तिनं म्हेन्दोला खांद्याला धरून मागे ढकललं आणि पांघरूण ओढून दिलं.

जिना उतरणं चढण्याहून वाईट होतं. अंगणात सगळ्यांच्या नजरा तिच्या मागे सून शोधत होत्या.

"कुठं आहे?" जोगलालांनी विचारलं.

"बाजूला बसली आहे. आज सकाळीच."

बायकांनी माना हलवल्या. यावर कुणी पुढे विचारत नाही. जोगलालांच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि त्यांना ते लपवताही आलं नाही.

"बघा भाउजू! मी म्हणत होतो ना? देवालाच नको होतं."

तिच्या जिभेवर इतकं आलं होतं की बोकड सोडून थकालीचाच बळी गेला असता. तिनं ते गिळलं. अकरा वर्षांनी जिंकलेली लढाई आपल्याच तोंडानं परत देऊन टाकायची, हे सगळ्यात जड गेलं.

"हो," ती म्हणाली. "देवालाच नको होतं."

ती चुलीपुढे बसली. गुडघे मोडताना तोंडातून आवाज निघाला, तो तिनं खोकल्यात लपवला. पहिली पळी ओतली, बोटांनी फिरवली, झाकण ठेवलं. खांद्यातून कळ मनगटापर्यंत गेली. अजून अख्खं पातेलं बाकी होतं.

जोगलाल आता उदार झाले होते. "पुढच्या वर्षी बघू हं, भाउजू. तिची अडचण नसली तर माझी ना नाही."

बेखामायेनं झाकण उचललं. कडा सुटल्या होत्या.

"पुढच्या वर्षी आधी तिला विचारीन," ती म्हणाली. "तुम्हाला मग."