हरणांचं रान आणि खिळ्यावरची झोळी

मित्रांनो, कोठाराच्या दाराआड खिळ्याला जी मळकी झोळी लटकलेली दिसते ना, ती मी. इथे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये बी फोकायला मला गळ्यात अडकवतात. माझ्या बुडाशी पत्र्याचं तोंड आहे, त्याखाली चकती आणि बाजूला दांडा. दांडा फिरवला की बी चहूकडे उडतं. तोंड किती उघडायचं, ते एका सरकत्या पट्टीने ठरतं.

या शेताचा मालक आर्विड. त्याच्या वडिलांनी मला आणलं तेव्हा माझं कापड कोरं होतं. ओट असो की गवत, सगळं माझ्याच तोंडून पडायचं, आणि ते माझं कौतुकही करायचे. पुढे ट्रॅक्टर आला आणि मी खिळ्यावर गेले. उंदराने कुरतडलेला माझा कोपरा आर्विडच्या मुलीने, इंगाने, जीन्सचं ठिगळ लावून शिवला.

पुन्हा काम मिळालं ते आर्विडच्या गुडघ्यामुळे. टेकडी चढून शिकार करणं त्याला जमेना. कोठारामागच्या तुकड्यात डिसेंबरात हरणं आली, तर तिथल्याच खोपटात लपून बसून हिवाळ्याचं मांस मिळणार होतं. नाही आली, तर बंदूक इंगाच्या हवाली करायची, असं त्याने ठरवलं होतं.

पण हरणांना तिथे ओढायला पेरायचं काय?

"सलगम," इंगा म्हणाली. "थंडी पडली की पानं गोड होतात. मग हरणं कंदही उकरून खातात."

"आपल्या हरणांनी सलगम कधी चाखलाय का? राय पेर. गव्हासारखीच, पण बर्फाखाली हिरवी राहते."

"बाबा, तुम्हाला रायशिवाय काही सुचतच नाही."

"तुझ्या आईने लग्नातसुद्धा रायचाच पाव वाढला होता. काही बिघडलं का?"

शेजारचा क्लेटन कुंपणावर रेलून ऐकत होता. "ओट टाका की! लगेच उगवतो."

"आणि कडक थंडीत मरतो," इंगा म्हणाली. "डिसेंबरात हरणांनी काय तुझं डोकं खायचं?"

"खाऊ देत. पोट नाही भरायचं त्यांचं," आर्विड म्हणाला.

शेवटी सलगम ठरला. ऑगस्टमध्ये इंगाने मला गळ्यात घातलं, बी ओतलं आणि दांडा फिरवत निघाली. ट्रॅक्टर येण्याआधी ओटासाठी उघडलेलं माझं तोंड अजून तसंच सताड होतं, आणि सलगमचं बी मोहरीएवढं! पहिल्याच कोपऱ्यात मी रिकामी झाले. काही आठवड्यांत तिथे पानांची नुसती गर्दी उगवली. एकाही रोपाला कंद धरायला जागा मिळाली नाही.

"कोशिंबिरीचं दुकान काढतेस की काय?" क्लेटनने विचारलं.

"ही झोळीच भंगार आहे!" इंगाने मला खिळ्यावरून ओढून गवतात भिरकावलं.

आर्विडने मला उचललं. "पट्टी पाहिली होतीस?"

"नाही. तुम्ही?"

"मीही नाही."

सप्टेंबरमध्ये त्याने उलट्या बादलीवर बसून स्वतः पट्टी लावली आणि उरलेल्या जमिनीत इंगाने राय फोकली.

डिसेंबर आला. सलगमचा कोपरा हरणांनी आधीच फस्त केला होता आणि वर बर्फ साचला होता. कितीतरी संध्याकाळी आर्विड हात हलवत परतला. मग एकदा एक हरिणी खुराने बर्फ उकरत आली. मी खिळ्यावरून एकच बार ऐकला.

दोघांनी तिला कोठारापुढे आणलं. जनावर सोलताना त्याचं पोट उघडून काय खाल्लंय ते बघायची इथली रीत आहे. त्यावरून पुढची पेरणी ठरते. इंगाने पोट चिरलं. आत हिरवीगार राय होती.

"सलगम दिसतोय का गं?" आर्विडने विचारलं.

"दिसेल कसा? आधीच संपवला ना! म्हणजे आवडला त्यांना. पुढच्या वर्षी अर्ध्यात सलगम."

"बरं. पण पट्टी मी बघणार."

बंदूक पुसून आर्विडने पुन्हा आपल्याच खोलीत ठेवली. इंगाने नखांना लावायचा लाल रंग आणला आणि सलगमच्या बियांसाठी पट्टी कुठवर सरकवायची, तिथे माझ्या पत्र्यावर रेघ ओढली.

मित्रांनो, अवजार म्हातारं झालं तरी काम विसरत नाही; पण चुकतंय हे त्याला सांगता येत नाही. काम झालं की त्यात अडकलेलं बी झटकून टाका, म्हणजे उंदीर येणार नाहीत. आणि नवं बी ओतण्याआधी त्याच्या तोंडाकडे एकदा बघा. माझ्या तोंडाशी आता लाल रेघ आहे. ऑगस्टमध्ये ती कोणीतरी पाहावी, एवढंच मागते.