गंगाजळावर धावणारी मोटार

"बोलो गंगा मैया की..." महाराजांनी हाक दिली आणि गर्दी "जय!" असं काही ओरडली की सामनेघाटावरच्या शेळ्या खुंट्यांसकट पळाल्या.

शेळ्याच शहाण्या म्हणायच्या! बाकी सगळी काशी तिथेच डोळे फाडून उभी होती. समोर एक पांढरी अँबॅसडर, दारांवर लाल-पिवळ्या ज्वाळा रंगवलेल्या. बॉनेटवर काचेची बरणी, बरणीतून इंजिनात उतरलेली रबरी नळी. शेजारी भगव्या कफनीवर काळा गॉगल चढवलेले ऊर्जानंद महाराज.

"पेट्रोल क्या है? मरे हुए जीवों का तेल! पाप! और गंगाजल? साक्षात शक्ति! अरे, पाप से गाड़ी चलती है, तो पुण्य से नहीं चलेगी?"

या बिनतोड युक्तिवादावर भलेभले शास्त्री माना डोलावू लागले.

मग गर्दीत उभ्या असलेल्या छोट्या कस्तुरीचे वडील, यज्ञेश्वरभट अण्णा, पुढे आले. दूधविनायक मोहल्ल्यातलं त्यांचं घर महाराष्ट्रातल्या यात्रेकरूंना ठाऊक होतं. तांब्याच्या गडूत गंगाजळ भरायचं, तोंडाला डाख, म्हणजे वितळलेल्या कथलाचा जोड, लावून ते बंद करायचं आणि यात्रेकरूच्या हाती द्यायचं, हे त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. त्यांच्या डाखावर कुणी शंका घेत नसे. म्हणूनच महाराजांनी गडू मागितला तो त्यांचा! अण्णांनी सगळ्यांदेखत डाख फोडला आणि पाणी बरणीत ओतलं.

गाडीत बसला होता देवव्रत, कस्तुरीचा दादा. त्याने पेडल दाबलं. ना आवाज, ना धूर! मोटार मांजरीसारखी पुढे सरकली, थोडी चालली आणि थांबली. बायकांच्या डोळ्यांना पदर लागले. चेल्यांच्या झोळ्या गर्दीतून फिरू लागल्या.

खरी परीक्षा पुढेच होती. काठावरून खडा उतार थेट पिपांच्या तरंगत्या पुलावर जायचा, आणि पूल पलीकडे रामनगरला. एक पेट्रोलची जीप आधीच पलीकडे पोचली होती. दादाने तिच्यापेक्षा कमी वेळात पोचायचं. जिंकला तर महाराज त्याला मद्रासच्या मोठ्या शर्यतीत उतरवणार होते. शर्यत म्हटलं की दादाला जेवण सुचत नसे. परदेशी मोटारींची जुनी मासिकं उशाशी घेऊन झोपणारा प्राणी तो!

कस्तुरी गाडीच्या मागे उभी होती, टाळ्या पिटत. आणि तिचे हात हवेतच थांबले.

गाडी मागून बसली होती. आत एकटा दादा, तोही पुढे. तरी मागची चाकं निम्मी पत्र्याच्या आत गेलेली!

तिला दादाचाच धडा आठवला. त्याने एकदा तिच्या सायकलच्या कॅरिअरला गव्हाची गोणी बांधली होती. "बघ कस्तुरे, परदेशात आता शर्यतीच्या मोटारीत इंजिनाच्या जोडीला बॅटरी घालून बघतायत. बॅटरी झटक्यात रेटा देते. पण फुकट काही नाही हं! रेटा हवा तर वजन घे. वजन घेतलंस तर ब्रेक वाढव. नाही वाढवलास, तर उतारावर तुझा भुर्ता!" आणि सायकल उतारावरून सोडताच गोणीसकट ती लिंबाच्या झाडात घुसली होती.

कस्तुरी खिडकीशी धावली.

"दादा, कुठला गिअर आहे?"

"न्यूट्रल. महाराज म्हणाले, गिअरला हात नाही लावायचा."

"मग उतारावर गाडीला धरणार कोण?"

"गंगामाई! हट ना यार, टाइम होतोय."

"दादा, डिकीत काहीतरी जड आहे!"

"ए बच्ची!" महाराज गरजले. "डिक्की में देवी का आसन है। खोलेगी तो भस्म हो जाएगी!"

भस्म! खोटं कशाला बोला, ती देवीला घाबरलीच. पण खालचं हिरवं पाणी तिला देवीपेक्षा जवळ दिसत होतं.

"कस्तुरी, मागे हो," अण्णा म्हणाले. "गडू मी स्वतः डाखलाय गं."

"अण्णा, गडू खरा आहे. पाणीही खरं आहे. पण म्हणून मोटारही खरी कशी?"

डिकीला कस्तुरी शिवलीच नाही. तिने बॉनेटवरची नळी धरली आणि हिसडा मारला. गंगाजळ भळाभळा तिच्या पायांवर सांडलं.

"दादा, आता चालव! पाण्यावर चालत असेल तर हलणार नाही!"

दादा चिडला आणि त्याने पेडल दाबलं. बरणी रिकामी. मोटार चालू लागली!

गर्दीतून एक पानवाला म्हणाला, "ई ल! ई त बिना पानी के चलत बा!"

हशा पिकला, पण अर्ध्यातच विरला. गाडीचं तोंड उताराकडे वळलं होतं. दादाने ब्रेक मारला. गाडी घसरतच राहिली.

"दादा, गिअर!" कस्तुरीचा आवाज फाटला. "गिअर टाक!"

दादाने क्लच दाबला, पहिला गिअर कोंबला, क्लच सोडला. गचका बसला. बंद इंजिनाने चाकं आवळून धरली. पुढची चाकं उताराच्या तोंडावर, आणि गाडी थांबली.

दादा बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. डिकी त्यानेच उघडली. कुणी भस्म झालं नाही. आत ट्रकच्या बॅटऱ्या दाटीवाटीने मांडलेल्या, आणि त्यांच्या तारा गाडीच्या पोटाखालच्या एका विजेच्या मोटरकडे गेलेल्या. ती मोटर साखळीने मागची चाकं फिरवत होती. गिअर टाकला असता तर बंद इंजिनाने चाकं अडवली असती, म्हणून न्यूट्रल! ब्रेक मात्र जुनेच.

महाराज? त्यांना पोलीसचौकीत नेताना गॉगल गळून पडला. डोळे अगदी साधे, घाबरलेले होते.

घरी जाताना अण्णा म्हणाले, "माझा डाख पाहिला आणि लोकांनी पुढचं बघणं सोडलं. मीसुद्धा."

दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या एका यात्रेकरूला त्यांनी गडू दिला. "यात गंगेचं पाणी आहे," ते म्हणाले. "देवापुढे ठेवा. कुणी म्हणालं याने मोटार चालते, रोग जातो, तर आधी नळी काढून बघा, डिकी उघडून बघा. गंगा रागावत नाही."

आणि कस्तुरीकडे बघत त्यांनी जोडलं, "डाख गडूला लावायचा असतो, डोक्याला नाही."